तिसरं ‘मोंगो’

वास्कितोसमोर चहा होता आणि वास्कितोला तहान लागली होती, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध जुळत नव्हता. पहाटे सोलोहून निघालेली मंडळी तेगलला, वास्कितोचं मन जडलेल्या विवितच्या घरी येऊन टेकली त्याला बराच वेळ झाला होता. विवितने स्वतः ट्रे आणून ठेवला होता. मातीची बुटकी किटली, मातीच्याच वाट्या, प्रत्येक वाटीत खडीसाखरेचा एकेक खडा. तिच्या आईने, तारिसाबाईंनी, वाट्या भरून दिल्या होत्या आणि शेजारी नुकत्याच तळलेल्या टोफूची बशी ठेवली होती. आता सगळे मिळून त्या चहाची वाफ हळूहळू कमी होताना पाहत होते.

वास्कितोच्या घशाला कोरड पडायला कारणही तसंच होतं. गाडीत बसताच आईने, म्हणजे मुर्तिनाबाईंनी, पाण्याच्या बाटल्या स्वतःच्या पायाशी कोंबल्या होत्या. “घरात पाऊल टाकल्या टाकल्या मोरी विचारणारा जावई कुणाला आवडेल?” असा त्यांचा सवाल होता. त्यामुळे वास्कितो, त्याचे वडील हार्दोयो आणि मुलीला मागणी घालण्यासाठी खास आणलेले सुंबोगोमामा, तिघेही जावा बेटाचा निम्मा किनारा पाहत पण थेंबभरही पाणी न पिता आले होते.

सोलोच्या माणसाला चहा पुढ्यात आला की तो प्यायचा असतो असं वाटत नाही. यजमानाने आधी ‘मोंगो’ म्हणावं लागतं. हा शब्द मोठा कामसू आहे. या, बसा, घ्या, प्या, पुढे व्हा, आम्ही निघतो, बरं निघा, ही सगळी ओझी तो एकटा वाहतो. त्यातही मुर्तिनाबाईंच्या माहेरी ‘मोंगो’ तीनदा व्हावं लागे. पहिलं रीत म्हणून, दुसरं रीत पाळली हे दाखवायला, आणि तिसरं चहासाठी. वास्कितोचं सगळं बालपण नातेवाइकांच्या बैठकीत हे शिकण्यात गेलं. पहिल्या ‘मोंगो’ला हात पुढे गेला की मांडीला चिमटा, दुसऱ्याला गेला की पीळ दिलेला चिमटा. तिसऱ्याला मात्र आई प्रसन्न हसून म्हणे, “घे की रे, एवढा आग्रह करतायत!” घरीसुद्धा हार्दोयो रोज सकाळी स्वतःच्या बायकोला तीनदा आग्रह करत. त्या घरात गरम चहा कुणी कधी प्यायलेला नव्हता. सुसंस्कृतपणाला तेवढी किंमत मोजावीच लागते.

विवितच्या घरची तऱ्हा उलटी. तिचे वडील कुसनान साखर कारखान्याच्या बॉयलरवर आयुष्य काढलेले. त्या धडधडाटात ज्याला ऐकायचं तो एका हाकेत ऐकतो आणि ज्याला नाही ऐकायचं त्याला शंभर हाका मारून उपयोग नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. विवित लहान असताना ते स्वयंपाकघरातून एकदाच ओरडत, “च्या झाला!” जो आला त्याला चहा, जो आला नाही त्याची वाटी ते स्वतः पिऊन टाकत. दुसरी हाक नाही. वास्कितोबद्दल विवितने घरी सांगितलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, “बोलव त्यास्नी. एकदा.” याचा अर्थ काय होतो ते विवितने वास्कितोला फोनवर रडत रडत समजावलं होतं. आज मागणी घातली गेली नाही, तर तिच्या आत्याने आणलेलं, मासेमारीच्या बोटी असलेलं स्थळ तयारच होतं.

तर पाहुणे आले तेव्हा कुसनान दारात उभे राहिले, “मोंगो,” म्हणाले, आणि त्यांनी दारापासून सोफ्यापर्यंत आणि सोफ्यापासून ट्रेपर्यंत हात फिरवला. त्यांच्या मते या, बसा, खा, प्या, सगळं झालं. पाहुण्यांच्या मते पहिलं ‘मोंगो’ झालं, आणि तेही बसण्याचं.

“किती सुंदर सुगंध आहे हो चहाला,” सुंबोगोमामा म्हणाले. मामांचं भाषण पाठ होतं, नव्वद लग्नं जमवलेला माणूस. पण मागणी घालायची ती चहा झाल्यावर, आणि कोरड्या घशाने त्यांना ‘अ’सुद्धा सुचत नसे.

“हां,” कुसनान म्हणाले.

“रंगही कसा गडद उतरलाय,” मुर्तिनाबाई म्हणाल्या. “आमच्याकडे असा रंग पाहायला मिळत नाही.”

“च्या हाय,” कुसनान म्हणाले.

“थंड झाल्यावरही याची चव टिकत असेल, नाही?” हार्दोयोंनी अगदी काठावर नेऊन ठेवलं.

“कुनाला ठावं? आमी गार करत न्हाई,” कुसनान म्हणाले. त्यांचाही घसा सुकला होता, पण पाहुण्यांच्या आधी यजमानाने वाटी उचलायची नाही, एवढी रीत तेगलमध्येही पाळतात.

स्वयंपाकघराच्या पडद्याआडून तारिसाबाई हे सगळं पाहत होत्या. त्यांच्या त्या किटलीला आतून आजवर धुण्याचं पाणी लागलेलं नव्हतं. तेगलची किटली आतून धूत नाहीत. वर्षानुवर्षांचा काळा थर आत धरतो आणि तीच चव असते. तारिसाबाईंच्या सासूने मरताना सोन्याच्या बांगड्या थोरल्या जावेला दिल्या आणि किटली यांना दिली, तेव्हा थोरली जाऊ सहा महिने बोलत नव्हती. “झाकण उघडं राहिलं गं,” त्या विवितच्या कानात कुजबुजल्या. “त्या सोलोच्या बाईनं आत डोकावलं. नाकानं कांदे सोलनारी मानसं ती. आपली किटली घानेरडी वाटली असंल, म्हनून कुनी वाटीला हात लावंना!”

“आई, तसं नाहीये...” विवित म्हणेपर्यंत तारिसाबाई बाहेर गेल्या, हसत हसत भरलेला ट्रे उचलला आणि आत घेऊन आल्या.

बाहेर सोफ्यावरच्या चौघांच्या नजरा ट्रेबरोबर पडद्यापर्यंत गेल्या.

“चहा उचलून नेला,” मुर्तिनाबाई ओठ न हलवता म्हणाल्या. ही विद्या सोलोच्या बायकांना जन्मतः येते.

“पाहिलं मी,” मामाही तसेच म्हणाले.

“न पिता उचलून नेला. याला काय म्हणायचं?”

“नकार,” मामा म्हणाले. “अत्यंत सभ्य नकार. मला अपेक्षा नव्हती हो, यांना एवढं येत असेल असं.”

वास्कितोच्या पोटातलं उरलंसुरलं पाणीही आटलं. त्याने सोफ्याच्या कडेला मोबाईल धरून विवितला लिहिलं, “चहा का नेला? नाही म्हणतायत का?” उत्तर आलं, “नाही रे बाबा! नवीन करतेय. तुम्ही पीत का नाही?” त्याने लिहिलं, “तुझ्या बाबांनी मोंगो म्हटलं नाही.” उत्तर आलं, “म्हटलं की! दारात!” त्याने लिहिलं, “ते बसायचं होतं.” मग आलं, “आमच्याकडे एकातच सगळं असतं. आता मी काय करू?” त्याने लिहिलं, “अजून दोनदा म्हणायला सांग.”

दुसरा चहा चिनी मातीच्या कपांतून आला. कपांवर सोनेरी कड होती आणि कान इतके नाजूक की कुसनानांच्या बोटांत ते मावलेच नसते. आपली किटली आत गेली आणि तिच्या जागी हे सोंग आलं, हे पाहून कुसनानांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांनी आपल्या आईच्या किटलीला नाक मुरडलं, असा त्यांनी याचा सरळ अर्थ काढला. पाहुण्यांनी नवे कप पाहिले आणि नव्याने मोजायला बसले. पहिले पाढे पंचावन्न.

विवितने वडिलांना पडद्याआड बोलावलं. तिने आवाज शक्य तेवढा खाली ठेवला होता. कुसनानांना मात्र बॉयलरच्या सवयीने खालचा आवाज नव्हताच.

“दोनदा? आनि कशापायी?” आतून गर्जना आली. “येकदा म्हनलो न्हवं? म्या काय बस स्टँडचा भोंगा हाय का, तीन-तीन येळा बोंबलाया? च्या पुढ्यात हाय, तोंड त्यांचं हाय, हात त्यांचं हाईत! त्यास्नी भरवू का आता?”

सोफ्यावर चौघांनीही एकदमच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्षपूर्वक पाहायला सुरुवात केली. ऐकू आलं नाही असं दाखवण्यात सोलोचा हात कुणी धरू शकत नाही. पण भीड ही भिकेची बहीण असली तरी तिलाही मर्यादा असते. कुसनान बाहेर येऊन बसताच मुर्तिनाबाईंनी नवऱ्याच्या कोपराला हलकासा धक्का दिला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या धक्क्याचा अर्थ बदललेला नव्हता. उठा.

“आई,” वास्कितो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “थोडं थांबू या ना.”

“कशासाठी? ऐकलंस ना?”

“आपण ऐकलं नाही असं दाखवलं ना आत्ता?”

“दाखवलं. म्हणून तर हसत हसत जायचं.”

हार्दोयो उठले. मामा उठले, नव्वद लग्नांत पहिल्यांदाच न बोलता. वास्कितो मात्र पडद्याकडे पाहत बसला. चार वर्षं विवितबरोबर सेमारांग शहरातल्या एका पेढीत एकाच टेबलाशी बसून काढलेली, आणि ते सगळं दोन शब्दांसाठी चाललं होतं. तोही उठला आणि सगळ्यांच्या शेवटी, ट्रेच्या अगदी जवळ उभा राहिला. त्याला रडू येत होतं, पण डोळ्यांतही पाणी शिल्लक नव्हतं.

हार्दोयोंनी दोन्ही हात जोडून पुढे केले, किंचित वाकले आणि निरोपाचं म्हणाले, “मोंगो.”

आता निघणाऱ्याला उत्तर न देणं हे तेगलमध्येही बसत नाही. आणि प्रत्येक माणसाला त्याचं-त्याचं द्यावं लागतं. कुसनान दात आवळून उभे राहिले. “मोंगो,” ते हार्दोयोंना म्हणाले. “मोंगो,” मुर्तिनाबाईंना म्हणाले. “मोंगो,” मामांना म्हणाले, आणि चौथ्यासाठी वळले.

चौथा चहा पीत होता.

वास्कितोचं डोकं त्यात मुळीच नव्हतं. कानांनी तीन मोजले आणि हात आपणहून कपाकडे गेला, एवढंच. त्याने उभ्याउभ्याच, तळाशी रीतीपुरता घोटही न ठेवता, आवाज करत कप रिकामा केला. मग मामांचा कप उचलून तोही केला.

मुर्तिनाबाईंनी श्वास रोखला. पण मोजलं तर त्यांनीही होतं. तीन झाले होते, हे कुठल्याही सोलोकराला नाकारता आलं नसतं. मामा सावकाश खाली बसले, जणू ते फक्त कपड्यांची सुरकुती काढायला उठले होते. हार्दोयो बसले. मुर्तिनाबाई बसल्या आणि म्हणाल्या, “एवढा आग्रह करतायत, तर घेऊ या घोटभर.” तारिसाबाईंनी धावत जाऊन मातीची किटली आणि वाट्या परत आणल्या. कुसनानांना यातलं काहीही कळलं नाही, पण पाहुणे पितायत हे दिसताच त्यांनी एका दमात आपली वाटी संपवली. टोफूची बशी कधी रिकामी झाली ते कुणालाच समजलं नाही.

घसा ओला होताच सुंबोगोमामांना पाठ असलेलं सगळं आठवलं. उसापासून, समुद्रापासून, दोन्ही कुळांच्या पुण्याईपासून फिरत फिरत ते अखेर विवितपाशी पोचले आणि मान झुकवून म्हणाले, “तरी आपली कन्या आमच्या वास्कितोला द्यावी, ही आमची नम्र विनंती.”

“दिली,” कुसनान म्हणाले.

मामा नम्रपणे हसले आणि थांबले. हार्दोयो थांबले. मुर्तिनाबाई मांडीवर हात ठेवून अतिशय शालीनपणे थांबल्या. पहिल्या होकाराला धावून जाणारं घराणं ते नव्हतं. कुसनानांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचं बोलून झालं होतं. पडद्याच्या खाली विवितची पावलं दिसत होती, आणि तीही थांबली होती.

चहाच्या वेळेसारखंच पुन्हा होणार, हे वास्कितोने ओळखलं. हा माणूस दुसऱ्यांदा म्हणणार नव्हता. आज नाही, उद्या नाही, मरेपर्यंत नाही. आईचा हात त्याच्या मांडीकडे सरकताना त्याला दिसला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो चिमट्याच्या आधी बोलला.

“घेतली!” वास्कितो ओरडला.

मुर्तिनाबाईंनी डोळे मिटले. पडद्याआड कुणीतरी फिस्सकन हसलं. कुसनानांनी त्या दिवसात पहिल्यांदाच जावयाला नीट पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग बायकोकडे वळले.

“ह्या पोराला ऐकू येतं,” ते म्हणाले. “बाकीच्यांचं कान तपासून घ्या म्हनावं, लग्नाच्या आत.”