दावीद सरांचा पुढचा सोमवार

भूकंपानंतर रोज माझ्या क्लासची बॅच सुटली, की खालच्या मजल्यावरचे दावीद सर रस्त्यावर धावत यायचे. पायात चप्पल नाही, चष्मा हातात. साठ पोरं एकदम जिना उतरली की घर हादरायचं, हे खरं. पण बॅच रोज सुटायची आणि सर रोज धावायचे.

"सर, पोरं हायत, भूकंप न्हाई. घर मजबूत हाय आपलं," मी वरून ओरडायचो.

"मजबूत म्हणजे काय?" असं विचारून ते शेवटचं पोरगं जाईपर्यंत लिंबाखाली उभे राहायचे.

ही त्यांची जुनी खोड. भाजीवालीनं "ताजी हाय" म्हटलं, की म्हणजे काय? रिक्षावाल्यानं "जवळच हाय" म्हटलं, की म्हणजे काय? एकदा चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत पाळकांनी "देवाची कृपा" म्हटलं आणि सरांनी वर्गातल्यासारखा हात वर केला. तेव्हापासून पाळक बिचारे त्यांच्याकडे न बघताच उपदेश करायचे.

"शंका घेतली म्हणजे विश्वास न्हाई असं नसतं हो," सर मला सांगायचे. "ज्यानं डोकं दिलं, त्याला ते वापरलेलं आवडतच असंल की."

सर आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, मी भौतिकशास्त्र. लातुरात तेव्हा घरोघरी डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं होतं. माझ्या क्लासला जागा पुरत नव्हती, आणि सरांच्या वर्गात चार डोकी. पण देव चांगला आहे तर जगात दुःख का, हा त्यांचा धडा असला की आमची सायन्सची पोरंही खिडकीशी थांबायची. सर तीन उत्तरं द्यायचे, फळ्यावर एकाखाली एक, आणि शेवटी हात झटकून अशा ऐटीत उभे राहायचे की जणू देवाचं वकीलपत्र त्यांच्याकडेच आहे.

भूकंप झाला आणि तो धडा पुढच्या सोमवारवर गेला. मग त्याच्या पुढच्या. परीक्षा तोंडावर आली तरी सरांचा सोमवार काही उगवेना. प्राचार्य मला म्हणाले, "तुमचे शेजारी ना ते? बघा जरा." मलाही धास्ती वाटायला लागली होती. माणूस जेवेना, धड झोपेना.

मी विचारलं, तेव्हा सर चष्मा पुसायला लागले.

"वर्गात कमल बसते," ते म्हणाले.

कमल औशाकडच्या एका गावातली. भूकंपात तिची आई आणि धाकटा भाऊ गेले होते. लातुरात मावशीकडे राहून शिकत होती.

"तिच्यासमोर कोणत्या तोंडानं शिकवू? अन् न शिकवावं, तर पोरगी नापास व्हायची."

शेवटी कमलच वर्गात उभी राहिली. "सर, शिकवा की. पेपरात येतोच म्हणतेत हा प्रश्न."

त्या संध्याकाळी सर माझ्याकडे आले. "उद्या मागच्या बाकावर येऊन बसा. मी पळालो तर धरा."

मी बसलो. सरांनी तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली. खडू दोनदा मोडला. पोरांनी उतरवून घेतलं. घंटा झाली, तिघं निघून गेले. कमल बसून राहिली.

"सर, यातलं तुम्हाला कोणतं पटतं?"

"पेपरात तिन्ही लिही."

"मी पेपराचं न्हाई विचारत."

सर तिच्या शेजारच्या बाकावर बसले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगतील.

"आधी तिन्ही पटायची," ते म्हणाले. "आता न्हाई सांगता येत, बाई. रोज सकाळी गुडघे टेकतो अन् देवालाच विचारतो. मरताना आमच्या प्रभूनंही क्रुसावरून विचारलं होतं, मला का सोडलंस म्हणून. मग आपण विचारलं तर त्याला राग यायचा न्हाई."

कमल खाली बघत होती. तशीच म्हणाली, "सर, तुम्ही विचारताना माझ्या आईचं नाव घेऊन विचाराल?"

"घेतो की. सरूबाई. अन् तुझा भाऊ, बाळू. रोज घेतो."

कमलनं चमकून वर पाहिलं. ही नावं तिनं कॉलेजात कुणालाच सांगितली नव्हती. घर जरा हादरलं की रस्त्यावर पळणारा हा माणूस एकटा तिच्या गावी जाऊन, भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमधून फिरून ती नावं विचारून आला होता.