आर्डिसबाईंचा ट्रॅक्टर आणि ताटातला शेवटचा तुकडा

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. बागकामाचा जुना ट्रॅक्टर नुसता बघून त्याचं काय बिनसलंय ते ओळखणारा माणूस आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत एकच आहे, आणि तो मी! माझ्या गॅरेजमध्ये असे तीन ट्रॅक्टर आहेत. तिघांचंही काय बिनसलंय ते मला तोंडपाठ आहे. चालत एकही नाही, पण तो मुद्दा वेगळा.

तो मुद्दा वेगळा आहे, हे माझ्या बायकोला मात्र आजवर पटलेलं नाही. कॉनी दवाखान्यात नर्स आहे. तिची गाडी लग्न झाल्यापासून उघड्यावर उभी राहते, आणि विस्कॉन्सिनच्या थंडीत ती बिचारी रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडत बसते. यंदा मात्र तिने निर्वाणीचं सांगितलं.

"नॉर्ब, पहिला बर्फ पडायच्या आत माझी गाडी गॅरेजमध्ये हवी. नाहीतर मी चालले शिकागोला, बहिणीकडे. बर्फ वितळला की भेटू!"

"अगं, होईल! एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावतो, दुसऱ्याचे तिसऱ्याला..."

"आणि तिसऱ्याचे?"

यावर मी वचन देऊन मोकळा झालो. वचन द्यायला काय, मी एका पायावर तयार असतो!

आणि नेमकी त्याच आठवड्यात वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी झळकली! 'ट्रॅक्टर विकणे आहे. पुढे बर्फ लोटायचं पातं. सुरू होत नाही. आर्डिस टेश.' नवरा वॉल्टर गेल्यापासून बाई एकट्याच राहतात.

सुरू होत नाही! हे शब्द वाचले की माझ्या हातांना खाज सुटते. रात्रभर मी कुशी बदलत होतो. घ्यावा? छे, वचन दिलंय. पण चौथा आला, तर त्याचे भाग घालून पहिले तीन चालू होतील, तिन्ही विकले जातील आणि गॅरेज रिकामं! म्हणजे जागा करायची तर आणखी एक आणायलाच हवा. इतकं सोपं गणित! पण ते कॉनीपुढे मांडायची माझी काही छाती होईना.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे गावातल्या खानावळीत तळलेली मासळी खायला गेलो. आमच्या गावात शुक्रवारी घरी चूल पेटवणारा माणूस आजारी तरी असतो नाहीतर भांडलेला. टेबलाशी शेजारचा ड्वेन ह्यूबनर होता. त्यालाही माझ्यासारखाच ट्रॅक्टरचा रोग आहे. फक्त त्याची शेड मोठी आणि बायको सोशीक.

"आर्डिसबाईंच्या ट्रॅक्टरचं कळलं का रे?" ड्वेन बशीत बघत म्हणाला. "नुसतं भंगार! तू आपला नादी लागू नकोस."

"छे! मला काय करायचाय?" मी म्हटलं. "तूही लागू नकोस हो."

"मी? छे छे!"

दोघेही कोबी चिवडत बसलो. ताटात मासळीचा एकच तुकडा उरला होता. आता आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. त्याचा अर्धा घ्यायचा, मग दुसऱ्याने उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी उरतं ते मुंगीलाही पुरत नाही. तसंच कुणी काही देऊ केलं, की दोनदा 'नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'बरं, तुझा आग्रहच आहे तर' म्हणून घ्यायचं. ही आमची खानदानी रीत. पण कॉनी पडली शिकागोची!

"कुणाला नको ना?" म्हणत तिने तुकडा उचलला आणि खाऊनही टाकला. ड्वेन आपल्या काट्याचमच्याकडे बघत राहिला.

शनिवारी सकाळी मी हळूच बाहेर पडलो.

"कुठे?" कॉनी दारात उभी!

"पोस्टात. तिकिटं आणायला."

"तिकिटं आणायला ट्रेलर?"

"तो... जोडलेलाच होता!"

"अस्सं! मग मीही येते."

आता गाडी पोस्टाकडे वळवावी, तर पोस्ट शनिवारी बंद! कॉनी म्हणाली, "चल, आर्डिसबाईंकडेच चल. तोंड तरी सरळ होईल तुझं."

आर्डिसबाईंच्या अंगणात ड्वेन आधीच हजर. मागे ट्रेलर!

"तू इथे?"

"बाईंची खुशाली विचारायला आलो."

"ट्रेलर घेऊन?"

"जोडलेलाच होता रे!"

ट्रॅक्टर पाहिला आणि माझा जीव त्यात अडकला! बोटभर गंज नाही. चाकं शाबूत. पण हावरटपणा दाखवायची सोय नव्हती. वर बसायचीही नव्हती, कारण दुसरा बघत असताना सीटवर बसणं म्हणजे उघडउघड हक्क सांगणं! म्हणून आम्ही दोघे बाजूला ओठंगून, मडगार्डवर कोपर टेकून, इंजिनात डोकं घालून उभे राहिलो.

"कार्ब्युरेटर गेलाय," मी म्हटलं.

"कॉइलच गेलीय," ड्वेन म्हणाला.

आर्डिसबाई कॉफी घेऊन आल्या. चिमणीएवढी बाई. "बॅटरी मी चार्ज करून ठेवते हो, वॉल्टर ठेवायचा तशीच. तो गेल्यापासून कितीदा शेजारी उभं राहून किल्ली फिरवली, पण हूं नाही की चूं नाही! तुमच्यापैकी कुणीतरी न्या बाबा."

"ड्वेन, तू घे," मी म्हटलं. रीत ती रीत!

"छे छे, तुला लागेल."

"मला कशाला? तू आधी आलास."

"नको रे. तूच घे."

"नको, नको."

आणि सगळं ठप्प! मी दोनदा नको म्हटलं होतं. आता ड्वेनने एकदा आग्रह करावा, की ट्रॅक्टर माझा! पण ड्वेनचेही दोन नकार झाले होते, आणि तो माझ्या आग्रहाची वाट बघत होता! दोघेही आभाळाकडे बघत उभे. कॉफी गार झाली.

"कुणाला नको ना?"

कॉनी ताडताड आली, सीटवर बसली, ब्रेकवर पाय दाबला, किल्ली फिरवली आणि... फटफटफटफट!

"अगंबाई!" आर्डिसबाई ओरडल्या.

"बाई, वर बसल्याशिवाय हा सुरूच होत नाही. नॉर्बच्या कोपराखाली चित्र आहे बघा तसं!"

मी कोपर उचललं. चित्र होतं! सीट, सीटवर माणूस, माणसाचा पाय ब्रेकवर. पोरालाही कळावं असं.

कॉनीने तिथल्या तिथे पैसे मोजले आणि माझ्या ट्रेलरवर ट्रॅक्टर स्वतः चढवला. मी मनात म्हटलं, चला, कसा का होईना, चौथा आला! तेवढ्यात ती वळली.

"ड्वेन, आमचे तिन्ही ट्रॅक्टर तू घेऊन जा."

"छे छे, कॉनी!"

"अरे ने."

"नको, नको. कशाला उगाच?"

"ने म्हणते ना!"

"बरं," ड्वेन म्हणाला, "तुझा एवढा आग्रहच आहे तर..."

आमच्याच खानदानी रितीने माझा गळा कापला! संध्याकाळपर्यंत गॅरेज लख्ख.

पुढच्या आठवड्यात बर्फ पडला. कॉनीची गाडी गॅरेजमध्ये, शेजारी ट्रॅक्टर. ती पंधरा मिनिटांत वाट मोकळी करते, किल्ली पर्समध्ये टाकते आणि कोरड्या काचेच्या गाडीतून कामाला जाते. पहिल्या दिवशी जाताना शीळ घालत होती. खरं सांगतो, ते ऐकून मला फार बरं वाटलं. हे मी आधीच करायला हवं होतं.

"कॉनी, इंजिन जरा खडखडतंय. नुसतं बॉनेट उघडून बघू का?"

"नॉर्ब, हा आपला चालणारा ट्रॅक्टर आहे. म्हणूनच तू त्याला हात लावायचा नाहीस!"

आता रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून आरोग्य मागतात, शांती मागतात. मी मेला एवढंच मागतो: देवा, एखादा लहानसा बिघाड!