सुंठ, अगर, आलं

उचकी लागली तेव्हा मुकाट्यानं कचेरीत जायला हवं होतं. मी घरी बसायचं ठरवलं आणि तिथंच फसलो.

उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय आणि त्याचं नाव घेतलं की ती थांबते, असं आमच्या सौभाग्यवती गोजरबाईचं ठाम मत. तिनं माझ्या आत्यापासून तिच्या बेलापूरच्या मामापर्यंत सगळ्यांची नावं घेतली. उचकी चालूच. नातेवाईक संपले तशी ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

"आता कोन ऱ्हायलं?"

"कुणी... उच्... नाही!"

"मंग काय हवेनं लागती व्हय उचकी?"

(हवेनंच लागते म्हणतात, पण ती वेळ हे सांगायची नव्हती.)

मी काकासाहेब वैद्यांकडे पळालो. ते खलात काहीतरी कुटत होते. मान वर न करता म्हणाले, "सुंठ अगर आलं मधातून चाटा." सुंठ, आलं, मध घरात होतं. राहिला अगर. ते सुगंधी लाकूड अत्तरवाल्याकडे मिळतं, एवढं मला ठाऊक होतं. (कचेरीतल्या कारकुनाला सगळंच ठाऊक असतं.)

अगर मागताच बाबाजान अत्तरवाला दचकला. लढाईचे दिवस, काळ्या बाजारासाठी झडत्या चाललेल्या, त्यात गिऱ्हाईक कचेरीतलं.

"सायेब, आपला धंदा सरळ हाय. झडती घ्यायची हाय का?"

"उचकीवर... उच्... औषध हवंय."

मग तो खुलला. "मंग बरोबर जागी आलात! उचकी, दमा, समद्यावर अगर. आसामकडचं झाड. खोड दुखावलं की आत काळा डिंक धरतो, त्यातच औषध."

आता संशय घ्यायची पाळी माझी. खरा कशावरून? खरा अगर बुडतो, म्हणत त्यानं तुकडा पाण्यात टाकला. तो बुडाला. (बुडतात दगडही.) शेवटी वैतागून त्यानं चिमूटभर निखाऱ्यावर ठेवला, आणि मी खात्री पटेपर्यंत कोटासकट त्या धुरात उभा राहिलो.

घरी गोजरबाईनं मला दारातच हुंगलं.

"ह्यो वास कुनाचा?"

"अगर... उच्!"

"अगर काय? फुडं बोला की!"

"अगर... उच्... अगं, अगर!"

"नाव सांगा तिचं, न्हाईतर मी चालले संगमनेरला, आईकडं!"

ती खरंच गाठोडं बांधायला लागली. तिच्यावाचून मला स्वतःची टोपीसुद्धा सापडत नाही. हातापाया पडून तिला वैद्यांकडे नेलं.

"काकासाहेब, सांगा हिला. अगर तुम्हीच... उच्... सांगितलात ना?"

वैद्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "मी? सुंठ घ्या, नाहीतर आलं घ्या, असं म्हणालो. अहो, अगर म्हणजे किंवा!"

('खुद्द अगर वकिलामार्फत हजर राहावे' हे वाक्य मी कचेरीत जन्मभर लिहीत आलो आहे.)

"ते ऱ्हाऊ द्या," गोजरबाई म्हणाली. "पर आठवन कोन काढतंय?"

इतक्यात कचेरीतला शिपाई सहादेव धापा टाकत आला. "हितं हाय व्हय तुमी! रावसाहेब सकाळपास्नं तुमच्या नावानं शंख करत्यात. म्हनले, त्याला सांग, आत्ताच्या आत्ता कामावर ये, अगर कायमचा घरी बस!"

उचकी जागच्या जागी थांबली.

"रावसाहेब व्हय!" गोजरबाईचा जीव भांड्यात पडला. "बाई बाई, आन मी काय काय मनात आनलं!"

मी मात्र कचेरीकडे धावत सुटलो होतो. या खेपेचा 'अगर' मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.