अण्णांचा पर्मनंट दयाळ

सकाळी साडेसहाला आमच्या गेटची कडी खडखडते आणि पाठोपाठ हाक येते, "मास्तर! भोंगा झाला का?"

आता आमच्या बेलापूर रस्त्याच्या कॉलनीत भोंगा कुठला आलाय? शेजारचे नामदेवअण्णा विचारतात तो भोंगा म्हणजे त्यांच्या परसातल्या दयाळ पक्ष्याचं गाणं. काळा-पांढरा, शेपटी ताठ करून बसणारा हा पक्षी त्यांच्याच शेवग्यावर बसतो, त्यांच्याच वाटीतलं खातो, आणि तो गायला की नाही हे मात्र भिंतीपलीकडून मी सांगायचं! मी शाळामास्तर. माझी शाळा अकराची. साडेसहाला मी काय म्हणून उठू? मी आपला पांघरुणातूनच ओरडायचो, "झाला, झाला! एकदम झकास!" तेवढ्यावर अण्णा खूश होऊन परत जायचे.

अण्णा साखर कारखान्यात तीस वर्षं मिल हाऊसला, ऊस गाळायच्या चरकांवर, फिटर होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण परसात अजून कारखानाच चालू आहे. दयाळ पर्मनंट. बुलबुलांची जोडी सीझनल. चिमण्या रोजंदारीवर. साळुंक्या मात्र युनियनच्या. "कामाच्या नावानं बोंब आन् पगाराला सगळ्यांच्या पुढं!" असं म्हणत अण्णा खराटा घेऊन त्यांच्यामागे धावतात.

हा पगार म्हणजे वाळवलेल्या अळ्या. पुण्याची लेक मोबाईलवरून मागवते आणि कुरिअरने पाकिटं येतात. अण्णा पडले माळकरी. घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. त्यामुळे ते 'अळ्या' हा शब्द तोंडातून काढत नाहीत, 'खुराक' म्हणतात. मटकी भिजवावी तसा तो खुराक एका जुन्या पितळी वाटीत पाण्यात भिजवतात. "कोरडं खाऊन त्येच्या घशाला कोरड पडली तर गाईल कसा, मास्तर?"

खुराक सुरू केल्यावर पहिल्या एकादशीला तर त्यांनी कहरच केला. दयाळालाही उपास घडवला. वाटीत भगर आणि शेंगदाण्याचा कूट ठेवला. दयाळ आला, त्याने वाटीत डोकावलं, अण्णांकडे पाहिलं आणि उडून गेला. अण्णा दिवसभर बेचैन! पुढच्या एकादशीला मात्र खुराक बिनबोभाट सुरू. मी विचारलंच, "अण्णा, आज चालतं का हो?" तर म्हणाले, "माळ माझ्या गळ्यात हाय, त्येच्या न्हाई."

एकदा अण्णा घरी नव्हते म्हणून कुरिअरवाल्याने पाकीट आमच्याकडे दिलं. माझ्या बायकोला, सुनंदाला वाटलं, आपण मागवलेल्या शेवया आल्या. तिने कात्रीने पाकीट कापलं, ताटात ओतलं आणि अशी किंचाळली की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. मग तिने चिमट्याने एकेक अळी उचलून पाकिटात भरली आणि वर तो चिमटाही अण्णांना देऊन टाकला. अण्णांना चिमटा फार आवडला. "लई कामाची वस्तू दिली सूनबाईनं," असं ते अजून सांगतात.

गेल्या वर्षी वहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, वारल्या, तेव्हापासून अण्णा स्वयंपाक स्वतःच करतात. करतात म्हणजे कुकर लावतात आणि समोर शांत बसून राहतात. दहा-दहा शिट्ट्या होतात. शेवटी सुनंदा भिंतीवरून ओरडते, "अण्णा, कुकर!" तेव्हा कुठे गॅस बंद होतो. गेटची कडी वाजवायचं वेडही तेव्हापासूनच लागलं. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. एकटा माणूस, चालायचंच.

उन्हाळ्यात मागच्या मंगल कार्यालयात एक मोठं लग्न झालं. दोन दिवस डीजे दणाणत होता. आमच्या कपाटातल्या बश्या हलत होत्या. कॉलनीत खूश असे एकटे अण्णाच. "काय सपष्ट वाजतंय!" म्हणत खुर्ची टाकून अंगणात बसले होते.

लग्न उरकलं. कडी रोज वाजत होती, मी रोज पांघरुणातून "झाला, झाला!" म्हणत होतो. पाचव्या दिवशी मात्र "झाला" म्हटल्यावरही अण्णा हलेनात. मी चडफडत दार उघडलं. अण्णांच्या हातात ती पितळी वाटी. आतला खुराक फुगून टम्म झालेला, कुणी चोचही न लावलेला.

"डीजेनं भ्याला वाटतं," अण्णा म्हणाले. "चार दिस झालं, दयाळ फिरकला न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस मी कुणाचं गाणं ऐकत होतो? "अण्णा, चुकलो हो. मी झोपेतच..."

"ठावं हाय की."

"ठावं आहे?"

"थंडीत दयाळ मुकाच असतो, मास्तर. तवाबी तुमी रोज झाला म्हनत हुता." आणि अण्णा चक्क हसले. मग म्हणाले, "मिलनं कान खाल्लं माझं. जाड आवाज येतो, बारीक येतच न्हाई. कुकर न्हाई, पाखरू न्हाई. त्येचा गळा फुगल्याला दिसतो, तेवढंच. मग मंडळी सांगायची. तिचा आवाज घोगरा. दयाळ कसा गायला ते करून दाखवायची. ते मला ऐकू यायचं. थंडीत तर रोज नवं गानं! तिला वाटायचं, मला कळत न्हाई."

"म्हणजे वहिनीपण खोटंच..."

"खोटंच. पन दारात येऊन सांगायची."

एवढं बोलून अण्णा वाटी घेऊन निघून गेले. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सहाला उठलो. सुनंदाने कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. त्या दिवशी दयाळ आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दोन्ही दिवस कडी वाजली, मी गेटपर्यंत गेलो आणि खरं ते सांगितलं, "नाही झाला, अण्णा." ते मान हलवून जायचे. ती खाली घातलेली मान बघवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी शेवग्याच्या शेंड्यावरून बारीक शीळ आली. आधी लांब, मग वर चढत गेलेली, मग शेवटी एक गिरकी. सहा वर्षं मी या भिंतीला लागून राहतोय, आणि हे गाणं आज पहिल्यांदा नीट ऐकत होतो. मी लुंगी-बनियनवर धावत जाऊन अण्णांच्या गेटची कडी वाजवली. "अण्णा! भोंगा झाला!"

अण्णा बाहेर आले, चिमटा हातातच. "कसा?"

आली का पंचाईत! मी घसा खाकरला आणि भर रस्त्यात, जमेल तेवढ्या जाड आवाजात सुरुवात केली, "हूऽऽ हू हू हूऽ, हुर्रर्र..." दूधवाला गाडी थांबवून बघायला लागला. समोरच्या खिडक्या उघडल्या. सुनंदा पदर तोंडाला लावून आत पळाली. अण्णा मात्र कानामागे हात धरून, डोळे मिटून उभे होते.

मी थांबलो तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मंडळीची सर न्हाई," तसेच उभे राहून म्हणाले. "पन ते शेवटचं गिरकीचं परत एकदा म्हना."

मी परत म्हटलं.