मोगऱ्याचे पाणी तोडले त्याची हकीकत

कुलस्वामिनीस दंडवत घालून मागील दारच्या मुलखाचे वर्तमान लिहितो. जैसे घडले तैसे लिहिले, अधिक नाही. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमीस सकाळी धनी वांग्याच्या वाफ्यास पाणी देत असता दवाखान्यातून फोन आला आणि धन्यांचे कुटुंब सगुणाबाईसाहेब वारल्या हे मुलखास कळले. धन्यांनी पाइप तैसाच टाकिला आणि वाफा फुटून पाणी ओट्यापर्यंत आले.

हे राज्य बाईसाहेबांचे. तीन वाफे, अकरा कुंड्या आणि भिंतीलगत एक मोगरा. काय लावावे, काय काढावे, हा हुकूम त्यांचा. धनी नुसते पाणी वाहात. पुढे पौष गेला, माघ लागला, थंडी उतरली आणि धन्यांस एका जागी बसवेना. मग दुधीचा मांडव पूर्वेस घालावा म्हणून चार बांबू रोविले, आणि ऊन पश्चिमेस जास्त म्हणून उपटिले, आणि कारल्याची आळी खणिली, आणि मिरचीच्या कुंड्या दिवसात तीनदा हलविल्या, आणि इतके करून हात रिकामेच, मग मोगऱ्यास दोन्ही वेळ पाणी घालू लागले. मोगरा हिरवागार जाहला. धन्यांस वाटले, एवढे तरी राखिले.

माघ वद्य द्वितीयेस शेजारच्या गोदूवहिनी कुंपणापाशी आल्या आणि कपाळास हात लावून बोलिल्या, "अहो भाऊजी, याला पाणी कोण घालतंय?"

"मीच. का?"

"सगुणा पौषातच याचं पाणी तोडायची. पंधरा दिवस सुकवायची, पानं ओरबाडायची, मग छाटायची, तेव्हा कुठे चैत्रात कळी धरायचा. तुम्ही तर जावयासारखी सरबराई केलीत! आता वेणीत काय पाला माळू?"

"काही उपाय?"

"आजपासून पाणी बंद. मग गुडघ्याएवढा छाटा. उशीर झालाय, पण धरेल थोडा."

दर चैत्रात बाईसाहेब पहिली फुले माठात सोडीत. यंदाही माठास तो वास यावा, एवढीच धन्यांची इच्छा. म्हणोन पाणी तोडिले. पाने मलूल जाहली आणि धनी तांब्या उचलीत आणि ठेवीत, ऐसे पंधरा दिवस काढिले. फाल्गुन शुद्ध द्वितीयेस कात्रीस धार लाविली आणि पाने ओरबाडिली, तो आत बाईसाहेबांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी फांद्या बांधिल्या होत्या, त्या नऊ गाठी दिसल्या. सगळ्या गुडघ्याच्या वर, म्हणजे छाटणीत जाणाऱ्या. धन्यांनी कात्री लाविली आणि काढिली, ऐसे चार दिवस चालले.

"छाटलात का?" वहिनींनी पुसिले.

"उद्या."

"कालही उद्याच होतं."

"गाठी तिनं मारल्यात, वहिनी."

वहिनी कुंपणावरून वाकून गाठी पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "कापू नका. आधी सोडा."

मग धनी सोडावयास बसले. गाठी उन्हापावसाने आवळलेल्या, नखे दुखली.

एकंदर मजकूर इतका की दुधी पश्चिमेस लागला, कारले रुजले, मिरचीची जागा ठरली नाही. मोगऱ्याच्या आठ गाठी सुटल्या. नववी सोडणे आणि छाटणी राहिली आहे.