शंभरपैकी शंभर

"पुढच्या वेळी अक्षताला आम्ही काही प्रश्न विचारणार आहोत," डॉ. पूर्वा देव म्हणाल्या. "तिला कसं वाटतं, ते तिनेच सांगायचं. आईवडिलांनी नाही, आजोबांनीही नाही. त्यावरून शंभरपैकी गुण निघतात."

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात बसलेल्या दशरथ ओव्हाळांना यातले शेवटचे वाक्य तेवढे ऐकू आले.

अक्षता त्यांची नात. वय बारा, पण उंची तिसरीतल्या मुलीएवढी. उंची वाढवणारे संप्रेरक तिच्या शरीरात पुरेसे तयार होत नव्हते, म्हणून रोज संध्याकाळी मांडीत इंजेक्शन. मुलगा समाधान आणि सून दीपमाला दिवसभर नोकरीवर. त्यामुळे शाळा, दवाखाना आणि सुई हे सगळे आजोबांकडे. दशरथरावांनी सारी नोकरी परीक्षा मंडळाच्या कचेरीत काढली होती. ओव्हाळांच्या घरात शाळेत गेलेला पहिला माणूस तेच, आणि तेव्हापासून त्या घरात कुणी नापास झाले नव्हते. तशी सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

"कुठले प्रश्न येतील?" दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच त्यांनी विचारले.

"आजोबा, ती परीक्षा नाहीये."

"गुण आहेत ना? मग परीक्षाच."

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. दुपारची जेवणे उरकली की ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत.

"धावताना दम लागतो का?"

"कधीकधी."

"गुण गेला. 'कधीच नाही' म्हणायचं."

"पण लागतो."

"ते परीक्षकाला कुठं माहितीय? पुढचा. शांत झोप लागते का?"

"मांडी दुखली की नाही लागत."

"'रोज लागते.' बरं, डोकं दुखतं का?"

अक्षता जरा थांबली. "हल्ली दुखतं. सकाळी उठल्यावर."

"अभ्यास करणाऱ्याचं दुखतंच. काय म्हणायचं?"

"कधीच नाही," अक्षता म्हणाली. मुलगी हुशार होती. तिला एकदा सांगितलेले पुरत असे.

ठरल्या दिवशी तिला एकटीला आत बसवले. दशरथराव बाहेर परीक्षा केंद्रावरच्या पालकासारखे येरझाऱ्या घालत राहिले. थोड्या वेळाने डॉक्टरांनी त्यांना आत बोलावले. डॉक्टरांच्या कपाळावर आठी होती.

"शंभरपैकी शंभर. असे गुण माझ्याकडे कुणालाच पडत नाहीत. मला स्वतःला साठ मिळाले तरी पुष्कळ."

"आमच्या घरात पहिल्यापासून अभ्यासाचं वळण आहे," दशरथराव नम्रपणे म्हणाले.

"अक्षता, डोकं खरंच दुखत नाही ना? हे औषध चालू असताना ते महत्त्वाचं असतं."

अक्षताने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी डोळे मिटून मान किंचित नकारार्थी हलवली.

"कधीच नाही."

"मग डोस थोडा वाढवू या. रक्ताच्या तपासण्या तेच सांगतायत. मी फक्त हिच्या उत्तरासाठी थांबले होते."

त्या संध्याकाळी दशरथरावांनी सोसायटीत पेढे वाटले. समोरच्या नंदाताईंनी पेढा हातात धरून विचारले, "कशाबद्दल?"

"नातीला तब्येतीत शंभरपैकी शंभर."

"हो का? मग चेहरा असा का उतरलाय तिचा?"

"वाचन फार करते," दशरथराव म्हणाले आणि पुढच्या दारी गेले.

काही दिवसांनी शाळेतून फोन आला. अक्षता फळ्यावरची गणिते चुकीची उतरवत होती. दशरथराव तडक शाळेत गेले आणि तिला पहिल्या बाकावर बसवा म्हणाले. बाईंनी शांतपणे सांगितले की ती पहिलीपासून पहिल्याच बाकावर बसते, मागून तिला फळा दिसत नाही. मग दशरथरावांनी निष्कर्ष काढला की सराव कमी पडतोय, आणि रोज वीस गणिते जास्तीची घातली. ती सोडवताना अक्षता एक डोळा मिटून घ्यायची. एकाग्रतेची नवी पद्धत असेल, असे त्यांना वाटले. त्यांनी समाधानला ती कौतुकाने सांगितलीही.

रविवारी सकाळी समाधानला मोरीत ओकण्याचा आवाज आला. अक्षता भिंतीला धरून वाकली होती.

"अक्षू, काय होतंय? डोकं दुखतंय का?"

"कधीच नाही."

"अगं, उभं राहता येत नाहीये तुला!"

"पण उत्तर तेच आहे, बाबा," ती म्हणाली आणि पुन्हा ओकली.

समाधानने तिला उचलून बाहेर आणले. तिच्याकडून सगळा सराव त्याला कळला, तेव्हा दशरथराव दाराशीच उभे होते. तो ओरडला असता तर बरे झाले असते. तो हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, डॉक्टर होत्या त्या. परीक्षक नव्हत्या."

डोळ्यांची तपासणी झाली. औषधामुळे डोक्यातला दाब वाढला होता आणि डोळ्यांच्या मागे सूज आली होती. इंजेक्शन ताबडतोब बंद झाले.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाल्या. "सूज उतरेल. मग पुन्हा अगदी कमी डोसपासून सुरू करू. शंभर पाहिले तेव्हाच मी खोदून विचारायला हवं होतं."

दशरथरावांना कुणीच काही बोलले नाही. घरात सगळे त्यांना वेळेवर चहा देत होते, ते त्यांना जास्त लागले. संध्याकाळी सुईची वेळ झाली की ते सवयीने हात धुवायचे, आणि ओले हात घेऊन गॅलरीत उभे राहायचे.

सूज उतरली. डोकेदुखी थांबली. प्रश्न पुन्हा विचारायचे ठरले. या वेळी दशरथराव आपणहून तळमजल्यावर जाऊन बसले. आपला चेहरासुद्धा तिला दिसायला नको. वरून बोलावणे आले, तेव्हा त्यांनी गुण विचारले नाहीत. डॉक्टरांनीच सांगितले.

"त्रेचाळीस. डोकं दुखत नाही, हे आता खरं आहे. पण एक उत्तर अक्षताच्या परवानगीने तुम्हाला सांगते. 'शाळेत एकटं वाटतं का?' यावर तिचं उत्तर, 'नेहमी.'"

हा प्रश्न दशरथरावांनी सरावात काढलाच नव्हता. दम, झोप, भूक, डोके, सगळे विचारले होते. हा सुचलाही नव्हता.

दोघे बसथांब्याकडे चालू लागले.

"मधल्या सुट्टीत कुठं बसतेस?"

"जिन्यात."

"आणि मैत्रिणी?"

"त्या ग्राउंडवर जातात. त्यांचे पाय लांब आहेत. मी पोचेपर्यंत सुट्टी संपते."

'त्यात एवढं काय' हे दशरथरावांच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"मग मैत्रिणींसाठी म्हणून रोज तो एक जास्तीचा लाडू देतो, तो?"

"मीच खाते," अक्षता म्हणाली. "उंची नाही तर नाही, रुंदी तरी वाढतेय."

दशरथराव हसायला गेले. हसू आलेच नाही. ते विजेच्या खांबाला हात टेकून उभे राहिले.

"काय झालं, आजोबा?"

"काही नाही. चप्पल चावतेय."

अक्षता त्यांच्या चपलांकडे पाहत राहिली, मग चेहऱ्याकडे. नुसती थांबली. आणि ते थांबणे दशरथरावांना सोसवेना.

"छातीत भरून येतं," ते अखेर म्हणाले. "चाललं की. जिना चढलं की जास्तच."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"घरी सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

अक्षताने त्यांचा हात धरला. तिच्या हाताशी यायला त्यांना थोडे वाकावे लागले. आली तशीच ती त्यांना घेऊन सावकाश दवाखान्याकडे परत वळली.

"अगं, त्या दवाखान्यात फक्त लहान मुलांना तपासतात."

"म्हणून तर. तिथं कसं वाटतं ते विचारतात," अक्षता म्हणाली आणि चालू लागली.