अंधाराचे मालक

पाहुणा दारात आला की आपण त्याला पाणी देतो. आमचे साडू अनंतराव त्याच्याकडे बॅटरी मागतात. मागतात म्हणजे काढूनच घेतात, पत्र्याच्या पेटीत टाकतात, कुलूप लावतात आणि किल्ली बनियनच्या आत सोडतात. मग म्हणतात, "आता तुम्ही खरे आलात." पाणी त्यानंतर, तेही माठात असलं तर.

साडू हे नातं देवाने कशासाठी निर्माण केलं, मला कळलेलं नाही. भाऊ भांडून वेगळा होतो, मेव्हण्याला बायकोच्या धाकाने सांभाळावं लागतं. साडूशी मात्र जन्मभर तुलना होत राहते. माझं महाडात भांड्यांचं दुकान आहे. मी ते चालवतो असं पाटीवर लिहिलंय. अनंतराव मुंबईत ट्यूबलाइटच्या कारखान्यात होते, चांगल्या हुद्द्यावर. त्यामुळे आमच्या घरात कुठलाही वाद "भाऊजींचं बघा जरा" या वाक्यावर संपत असे. अर्थात माझ्या विरोधात.

अनंतरावांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण कुंदाताई, वारली. त्यानंतर वर्षभरात या गृहस्थाने नोकरी सोडली, मुंबईची जागा बंद केली आणि पोलादपूरच्या वर, आपल्या वडिलार्जित माळावर जाऊन तंबू ठोकले. शहरातली माणसं येणार, तंबूत राहणार आणि सुखी होऊन परत जाणार, असं ते म्हणत. तेव्हापासून आमच्या घरातलं ते वाक्य जरा कमी झालं. मला या धंद्याचा झालेला एवढाच फायदा.

तंबू त्यांनी मांडववाल्याकडून जुने घेतले. लाल-पिवळ्या झालरीचे, एकावर तर 'शुभ विवाह' अजून स्पष्ट वाचता येत होतं. पहिल्याच दिवशी वरच्या वाडीतली मंडळी आंघोळ करून, पोरंबाळं घेऊन खाली उतरली. लग्न कुणाचं हे विचारणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. सगळे ओळीने बसले. अनंतरावांना वाटलं, लोक आपलं ऐकायला आलेत. त्यांनी उभं राहून निसर्गावर भाषण दिलं. लोक उपाशी घरी गेले. वरपक्ष कंजूष निघाला, अशी त्या लग्नाची आठवण वाडीत पुष्कळ दिवस सांगत.

मग जाहिरात. "येथे वीज नाही. फोन नाही. टीव्ही नाही. पंखा नाही. अवश्य या." छापखान्यात मजकूर घेऊन मीच गेलो होतो. मालकाने तो दोनदा वाचला आणि हळूच म्हणाला, "साहेब, काय आहे ते लिहायचं राहिलंय बहुतेक."

वाडीतली जनाबाई अनंतरावांकडे स्वयंपाकाला होती. तिला ही जाहिरात कुणीतरी वाचून दाखवली. ती म्हणाली, "दादा, ह्यातला आमच्याकडं पन कायच नाय. मग आमच्याकडं कोन का येत नाय?"

अनंतराव म्हणाले, "तुमच्याकडे नाही ते नाइलाजाने. माझ्याकडे ठरवून नाही."

जनाबाईने यावर भाकरी थापायला घेतली. तिच्या जागी मी असतो तर ती कुठे थापली असती, ते सांगत नाही.

पाहुणे महाडजवळच्या वीर स्टेशनवर उतरत. त्यांना आणायची कामगिरी बायकोने माझ्यावर टाकली होती. रिक्षात ते विचारत, एसी आहे का? मी म्हणायचो, हवा भरपूर आहे. गरम पाणी? चुलीवर हंडा आहे. आणि बाथरूम? इथे मी रिक्षावाल्याशी महाडच्या राजकारणाबद्दल बोलू लागे.

बाथरूम म्हणजे कुडाचा आडोसा आणि दोन बादल्या पाणी. संडास म्हणजे खड्डा, शेजारी राखेचा ढीग, राखेत खोचलेली करवंटी. पुण्याच्या एका बाईंनी ऐन जेवणाच्या वेळी विचारलं, ती करवंटी कशासाठी हो? अनंतरावांनी इतकं सविस्तर समजावून दिलं, की त्या कुटुंबाने कुळथाच्या पिठल्याला हात लावला नाही.

कशालाही त्यांचं एकच उत्तर ठरलेलं. बुटात विंचू निघाला, "याचसाठी तर लोक येतात." वाऱ्याने तंबू माणसांसकट आडवा झाला, "याचसाठी तर लोक येतात." एक कुटुंब आल्या पावली परत निघालं, तेव्हा मी म्हटलं, "जातातही याचसाठी." माझा विनोद त्यांना कधीच कळत नाही. घरीही कुणाला कळत नाही, तो भाग वेगळा.

जेवण झालं की कंदीलही विझायचा. मग सगळ्यांनी सतरंजीवर बसून बोलायचं, अशी सक्ती. तुमची आई आमटीत काय घालते, लग्न कसं जमलं, असले प्रश्न अनंतराव परक्या माणसांना बिनदिक्कत विचारत. लोक सुरुवातीला चिडत, मग कंटाळून खरं बोलू लागत.

अशात वाडीला वीज मंजूर झाली. वर्षानुवर्षं अडलेलं काम. खांब रस्त्यावरून वाडीपर्यंत न्यायचे तर सरळ वाट अनंतरावांच्या माळातून. एक खांब नेमका 'शुभ विवाह'च्या जागी, आणि तारा तंबूंच्या डोक्यावरून. त्यांनी संमती दिली तर माळावरचा कारभार आटोपला. नाही दिली तर लाईन ओढ्याला वळसा घालून न्यायची. म्हणजे वाडीने पुन्हा किती वर्षं थांबायचं, ते देवाला ठाऊक. आणि अनंतराव तर जाहीर सांगून बसले होते, की माझ्या माळात खांब येणार नाही.

जनाबाईने हे माझ्या बायकोला सांगितलं. बायकोने मला पाठवलं. खोटं कशाला बोलू, मी आनंदाने गेलो. त्यांना सुनवायची वाक्यं एसटीत बसून पाठ केली. 'आयुष्यभर लोकांना ट्यूबा विकल्या आणि आता गरिबाचा दिवा अडवता?' हे त्यातलं सगळ्यात मऊ.

माळावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पाहुणा एकही नव्हता. अनंतराव एकटेच 'शुभ विवाह'च्या खुंट्या उपटत होते.

"हे काय?" मी म्हटलं.

"सही दिली सकाळी. उद्यापासून खणतायत."

पाठ केलेली वाक्यं वाया गेली. विचारलं, "एकदम कसे तयार झालात?"

"जनाबाईला मालिका बघायचीय. म्हणाली, दादा, मराच्या आधी एक तरी पुरी बघंन. त्याला काय उत्तर देणार?"

तंबू खाली बसला. ते कापड गोळा करू लागले, पण ते आवरेना. एक टोक धरलं की दुसरं वाऱ्यावर जाई. तसंच ओढत, माझ्याकडे न बघता ते बोलले.

"कारखान्यात दिवसभर ट्यूबा तपासायच्या. घरी आलो की डोळ्यांची आग व्हायची. कुंदा दिवा लावायचीच नाही. दोघं काळोखात बसायचो. ती बोलायची. काय बोलायची, ते बघा, आता आठवत नाही."

ते कापड ओढतच राहिले.

"ती गेल्यावर त्या घरात दिवा लावला की खुर्ची दिसायची. विनायकराव, अंधारात समोर कोण नाहीये, ते दिसत नाही."

मी दुसऱ्या बाजूची टोकं उचलली. आमच्या घरात धुतलेल्या चादरींच्या घड्या मी आणि बायको घालतो, तसे आम्ही दोघे लांब उभे राहिलो, कापड ताणलं, आणि एकमेकांकडे चालत आलो. मी माझी टोकं त्यांच्या हातात दिली. पुन्हा मागे गेलो, पुन्हा आलो. घडी लहान होत गेली.

"उद्या दुकान असेल तुमचं," ते म्हणाले.

होतं. लग्नसराई होती, सहा हंड्यांचं गिऱ्हाईक सकाळीच यायचं होतं.

"छे," मी म्हटलं, "उद्या बंद असतं."